एका बाहीचा झगा

"हलू नका, मिस्टर लेझामा. एक पाय लांब आणि एक आखूड झाला, तर मला बोल लावायचा नाही."

वाचनालयाचे लेझामा माझ्या स्टुलावर उभे होते आणि मी खाली बसून त्यांच्या पँटच्या कडेला टाचण्या लावत होते. शनिवारी त्यांना नवी पँट घालायची होती. शनिवारी काय आहे हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक झालं होतं, तरी ते मला तिसऱ्यांदा सांगत होते.

"शाळेची सगळी मुलं येणार. शहरातून पाहुणे येणार. आणि आपली ओरिएल सगळ्यांसमोर वाचणार. आपल्या गावची मुलगी, मिस इग्नेशिया! छापील पुस्तक!"

"मग काय बिनछापील वाचून दाखवणार?" मी टाचण्यांमधून म्हणाले. चाळीस वर्षं मी तोंडात टाचण्या धरून बोलते आहे. गावाला सवय झाली आहे.

"तुम्ही तर तिच्या नेनेन. तुमचं वाचून झालंच असेल."

"होतंय," मी म्हणाले आणि त्यांना पाय वळवायला लावला.

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात घेऊन जी बाई उभी राहते ती त्याची नेनेन. आईनंतरची आई. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा तिनेच आणायचा, आणि पाद्रीबाबांनी "काय नाव ठेवलं या बाळाचं?" असं विचारलं की सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं उत्तर तिनेच द्यायचं. ओरिएल माझ्या धाकट्या बहिणीची, क्लॉडीनची मुलगी. पोर्ट ऑफ स्पेनला शाळेत शिकवते. तिने मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि पहिली प्रत मला पाठवली. चार दिवस ती प्रत माझ्या कापडांच्या ढिगाखाली पडून होती. एकसष्टाव्या पानावर मी ती मिटली होती, आणि पुन्हा उघडायची माझी छाती होत नव्हती.

गोष्ट पर्ल नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीची आहे. तिचा तान्हा भाऊ बाप्तिस्म्याआधीच गेला, म्हणून ड्वेन झाला. ड्वेन आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतात. डोक्यावर गवताची मोठी टोपी, चेहरा नाही, पावलं उलटी. तिन्हीसांजेला आईने मुलाला नावाने हाक मारली की ते नाव ऐकून ठेवतात आणि मग आईच्याच आवाजात मुलाला रानात नेतात. म्हणून इथली कुठलीही आई अंगणातून मुलाचं नाव घेत नाही. एनॅमलच्या मगावर चमचा वाजवते. प्रत्येक घराचा ताल वेगळा असतो, आणि आपला ताल ऐकला की पोरं बरोबर घरी पळतात. आता खिशात मोबाइल घेऊन फिरणाऱ्या आयासुद्धा संध्याकाळी मगच वाजवतात.

पर्ल भावाला शोधायला रानात जाते. पावलं जिकडे जाताना दिसतात त्याच्या उलट चालते, हुशार पोर. आणि एकसष्टाव्या पानावर तिला सावरीच्या मोठ्या झाडाखाली एक म्हातारी दिसते. "तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ती हसते आहे की दात विचकते आहे ते पर्लला कळेना. तिच्या मांडीवर एक पांढरा झगा होता. त्याला एकच बाही होती."

मी पुस्तक मिटलं ते तिथे.

तो झगा माझ्या पलंगाखाली आहे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, निळ्या कागदात गुंडाळलेला. अडतीस वर्षं आहे. त्याला एकच बाही आहे.

ओरिएलच्या आधी क्लॉडीनला एक मुलगा झाला होता. त्याची नेनेन मी होणार होते. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, हातात कसब होतं आणि डोक्यात हवा होती. या सगळ्या किनाऱ्यावर कुणी पाहिला नसेल असा झगा करायचा होता मला. छातीवर बारीक चुण्या, खाली तीन पदरी झालर, आणि शहरातून मागवलेली लेस. पाद्रीबाबा तेव्हा महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी येत. तो रविवार आला तेव्हा बाळ नऊ दिवसांचं होतं, लेस आली नव्हती आणि एक बाही बाकी होती. "पुढच्या महिन्यात करू," मी म्हणाले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी बाळाला ताप आला, दुपारी आकडी आली. तशा वेळी घरातल्या कुणीही डोक्यावर पाणी ओतून चार शब्द म्हटले असते तरी चर्चने ते मानलं असतं. पण आम्ही जीप शोधत धावत होतो. दवाखान्याच्या अलीकडे दोन मैलांवर तो माझ्या हातात गेला.

पाद्रीबाबा म्हणाले, देवाची दया मोठी आहे. पण त्यांनीही त्याला स्मशानभूमीच्या मागच्या भिंतीपाशीच जागा दिली, जिथे बिननावाची मुलं पुरतात. त्याचं नाव आम्ही तिघांनी ठरवलं होतं, क्लॉडीनने, तिच्या नवऱ्याने आणि मी. ते चर्चमध्ये उच्चारायचं राहिलं, ते राहूनच गेलं.

त्यानंतर आम्ही दोघी कधी भांडलो नाही. भांडलो असतो तर फार बरं झालं असतं. क्लॉडीन माझ्या घरापासून चार घरं पलीकडे राहते, रोज येते, झाडाची साल उकळून केलेली माझी मोव्बी पिते, कडू झाली म्हणून नावं ठेवते आणि भांडं रिकामं करूनच उठते. पण त्या बाळाविषयी ती एक शब्द बोलली नाही आणि मीही बोलले नाही. चार वर्षांनी ओरिएल झाली. नेनेन मलाच केलं, पण तिसऱ्याच दिवशी पाद्रीबाबांकडे जीप पाठवून, उशीच्या पांढऱ्या अभ्र्याला तीन भोकं पाडून त्यात पोरीचा बाप्तिस्मा उरकला. झग्याचं मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या हातचं कापड तिला तिच्या लेकराच्या अंगावर नको आहे, हे मला तेव्हा समजलं. निदान मी तसं समजले.

पुढे मी या किनाऱ्यावरच्या दोनशेच्या वर पोरांना झगे शिवले. मूल पोटात असतानाच झगा तयार. लोक म्हणतात, आधी शिवणं अपशकुनी. म्हणेनात. माझ्या दारातून आजवर एकही झगा उशिरा गेलेला नाही.

आणि आता ही पोरगी, जिचे पहिले दात माझ्या अंगुस्तानावर घासून आले, तिने मला सावरीखाली बसवून छापलं होतं. म्हणजे क्लॉडीनने तिला सांगितलं होतं. माझ्या तोंडावर जे कधी बोलली नाही ते लेकीकडून पुस्तकात घालून घेतलं होतं. मला भयंकर राग आला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली, पण भीती वाटली की मी आधी चिडते, ही माझी जुनी खोड आहे. मरण्याआधी मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती, क्लॉडीन मला दोष देते का. आणि उत्तर शनिवारी चार वाजता, शाळेच्या पोरांसमोर, मोठ्याने वाचलं जाणार होतं. जायचंच नाही, असं मी ठरवलं.

शनिवारी तीनला क्लॉडीन दारात हजर. जांभळी टोपी, जांभळा ड्रेस, हातात कसाव्याच्या पोनचा, त्या गोड वड्यांचा मोठा ट्रे. ड्रेस मीच शिवलेला होता, आणि बगलेत ओढत होता, कारण ही बाई माप देताना पोट आत घेते.

"तू अजून घरच्या कपड्यांत?"

"गुडघा दुखतोय."

"कुठला?"

"डावा."

"मग उजव्याने चल."

"क्लॉडीन, मला नाही यायचं."

तिने ट्रे माझ्या मशीनवर ठेवला. एरवी मी तिला मशीनवर फुंकरसुद्धा घालू देत नाही.

"पुस्तक वाचलंस?"

"एकसष्ट पानं."

"तरीच," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

"मला सुकुयाँ केलंय तुझ्या पोरीने. अंगावरचं कातडं काढून ठेवून उडत जाणारी, लोकांचं रक्त पिणारी म्हातारी! नाव नाही घातलं, एवढे उपकार."

"केलंय ना. एकसष्टाव्या पानापर्यंत." ती टोपी नीट करू लागली. मग टोपी सोडून दिली. "ऊठ, इग्गी. मला शेवटचं प्रकरण एकटीला ऐकवणार नाही."

क्लॉडीन असं काही मागत नाही. नवरा समुद्रात तेलाच्या फलाटावर महिनेच्या महिने असायचा, तेव्हाही तिने कधी कुणाकडे सोबत मागितली नाही. मी उठले आणि निळा ड्रेस घातला.

वाचनालय म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली. पोरं जमिनीवर, मोठी माणसं बाकांवर, आणि लेझामा दारात दोन्ही पाय सारख्या लांबीचे दाखवत उभे. ओरिएलने आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "नेनेन, तू आलीस!" ती तिथूनच ओरडली. सगळ्या पोरांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या बाकावर, दाराजवळ बसले, वेळ आली तर पळायला सोपं.

ती वाचायला लागली. आधी मला शब्द ऐकूच येईनात, नुसता आवाज येत होता. मग पुढे बसलेली, दोन वेण्या घातलेली एक पोरगी मध्येच म्हणाली, "मिस, ती टाचण्यांवाली वाईट आहे ना? तिला जाळणार ना शेवटी?"

"आधी ऐक तरी," ओरिएल म्हणाली आणि पान उलटलं.

"पर्ल म्हातारीसमोर उभी राहिली. 'तू माझ्या भावाला उशीर केलास,' ती म्हणाली. 'झगा झाला असता तर त्याला नाव मिळालं असतं. नाव मिळालं असतं तर त्याची पावलं उलटी झाली नसती.' म्हातारी म्हणाली, 'हो.' तिने काहीच कारण सांगितलं नाही. ती शिवत राहिली, आणि ती शिवत होती तो टाका दर वेळी आपोआप उसवत होता."

क्लॉडीनने माझा हात धरला. मी सोडवायला बघितलं, तिने सोडला नाही.

"तेव्हा पर्लला आईचं बोलणं आठवलं. आई म्हणाली होती, 'बाळ झाल्यावर मी तापाने पडले होते. मला उठता येत नव्हतं. एकोणीस दिवस तो मावशीच्या खांद्यावर होता. खाली ठेवला की रडायचा, म्हणून तिने त्याला खाली ठेवलंच नाही. एका हाताने ती मला भरवायची, त्याच हाताने स्वतः जेवायची, बसल्या बसल्या झोपायची. तो जेवढे दिवस जगला तेवढे दिवस कुणाच्या तरी अंगावर जगला. एका हाताने बाही शिवता येत नाही, पर्ल.'"

मी विसरले होते. देवाशपथ, मी विसरले होते. मला लेस आठवत होती, जीप आठवत होती, "पुढच्या महिन्यात करू" हे माझे शब्द रोज सकाळी आठवत होते. पण माझा उजवा खांदा ते एकोणीस दिवस ओला होता, त्याच्या दुधाने आणि लाळेने, आणि तो माझ्या मानेशी नाक खुपसून झोपायचा, हे मी कुठे टाकून दिलं होतं कोण जाणे. ते सगळं एकदम परत आलं. त्या भरल्या खोलीत, पोराटोरांसमोर, मी हुंदके देऊन रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढे पर्ल म्हातारीच्या कानात भावाचं नाव सांगते. म्हातारी झगा पुरा करते, बाळाला घालते, उभी राहते आणि ते नाव सगळ्या रानाला ऐकू जाईल असं उच्चारते. मग मातीतली पावलं सरळ होतात. एवढंच. ओरिएलने पुस्तक मिटलं.

"पण नाव काय त्याचं?" दोन वेण्या ओरडल्या. "मिस, नाव लिहिलंच नाहीये!"

"मला ठाऊक आहे," ओरिएल म्हणाली. "पण ते सांगणं माझं काम नाही. ते नेनेनचं काम असतं."

पोरांना ते पटलं. इथल्या पोरांना एवढं समजतं. ती पोनच्या ट्रेकडे धावली.

आम्ही दोघी चालत निघालो. रस्त्यावर ऊन होतं आणि मला नाक पुसायला रुमाल पुरेना.

"मी लेससाठी थांबवलं होतं," मी म्हणाले. "खांद्यावर होता ते खरं, पण लेसचंही खरं आहे. मिरवायचं होतं मला, क्लॉडीन."

"ठाऊक आहे. मलाही मिरवायचं होतं. तू विचारलंस, मी हो म्हटलं. गावातल्या बायका चर्चमध्ये तोंडात बोटं घालतील म्हणून हसलो होतो आपण. तेवढं बरं विसरलीस."

"आणि मग अभ्रा? उशीचा अभ्रा घातलास पोरीला!"

"अगं वेडे, झगा मागायला आले असते तर तू तो डबा उघडला असतास. मला बघवला नसता." ती थांबली आणि दम घेतला. "मला वाटायचं, तुलाच माझा राग आहे. मी पडून राहिले आणि सगळं तुझ्या अंगावर टाकलं. तो गेलाही तुझ्या हातात, मी पाठीमागच्या सीटवर."

"अडतीस वर्षं बोलली का नाहीस मग?"

"कधी बोलू? तुझ्या तोंडात कायम टाचण्या!"

मी तिला ढकललं, तिने मला ढकललं. दोन म्हाताऱ्या भर रस्त्यात पोरींसारख्या ढकलाढकली करताहेत म्हणून जाणारी व्हॅन हॉर्न वाजवून गेली.

"पोरगी नऊ वर्षांची असताना तिने विचारलं होतं," क्लॉडीन म्हणाली. "माझा भाऊ ड्वेन झाला का, म्हणून. हो-नाही न म्हणता मी तिला तुझ्या खांद्याचं सांगितलं. तिने ते एवढी वर्षं सांभाळून ठेवलं बघ."

मी माणसांचे आभार मानण्यात फार कच्ची आहे. कुणी काही दिलं की मी त्यात खोट काढते. म्हणून इथेच सांगून टाकते, मी त्या पोरीची ऋणी आहे. तिच्या आईचीही आहे. माझं जे माझ्याकडूनच हरवलं होतं ते त्या दोघींनी जपून ठेवलं आणि मला परत आणून दिलं.

रविवारी प्रार्थनेनंतर दोघी माझ्याकडे आल्या. मी डबा काढला. कापड पिवळं पडलं नव्हतं, निळा कागद आपलं काम करतो. तळाशी लेसचं पुडकंही होतं, तेविसाव्या दिवशी आलेलं, दोरासुद्धा न सोडलेलं. क्लॉडीनने दोरा सोडला. बाही मी तेव्हाच कापून ठेवली होती, फक्त जोडायची राहिली होती.

"मशीनवर झटकन होईल, नेनेन," ओरिएल म्हणाली.

"तू पुस्तकं लिही," मी म्हणाले.

हाताने शिवली. सुई ओवायला मात्र ओरिएल लागली, आमच्या दोघींच्या डोळ्यांचा त्या कामाला उपयोग नव्हता. खांद्याच्या चुण्या बसवल्या, काखेचा जोड दुहेरी घातला, दोन्ही मनगटांना लेस लावली. एवढीशी बाही, माझ्या दोन बोटांवर बसेल एवढी, पण संध्याकाळचे पाच वाजले. एकही टाचणी मी तोंडात धरली नाही, सगळ्या क्लॉडीनच्या तळहातावर होत्या आणि ती एकेक देत होती. शेवटचा टाका घातल्यावर दोरा तिने दाताने तोडला. मी कुणालाही माझा दोरा दाताने तोडू देत नाही. तिला तोडू दिला.

मग आम्ही तिघी स्मशानभूमीत गेलो, मागच्या भिंतीपाशी. त्याच्या जागेभोवती क्लॉडीनने फार पूर्वी शंख लावले होते, आता निम्मे मातीत गेलेले. पलीकडे लगेच रान सुरू होतं. सूर्य डोंगराआड गेला होता. या वेळी या ठिकाणी कुणाचं नाव घ्यायचं नसतं हे मला माझ्या आईने शिकवलं होतं, तिला तिच्या आईने. मी झगा दोन्ही हातांवर आडवा घेतला, बाळाची मान टेकते तिथे कोपर जरा उंच धरून. हाताला अजून सवय होती.

क्लॉडीन माझ्यासमोर उभी राहिली. तिने घसा साफ केला आणि पाद्रीबाबांच्या शब्दांत विचारलं, "काय नाव ठेवलं या बाळाचं?"

मी रानाकडे तोंड केलं.

"अँसेल्म," मी म्हणाले. आवाज पुरेसा आला नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा, छाती भरून, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाले, "अँसेल्म!"

खाली गावात कुणीतरी मगावर चमचा वाजवत होतं, आणि पोरं घरी पळत होती.